छत्रीवाल्या कार्डाची तपासणी

हार्लन फॉल्स गावात माझ्याबद्दल लोक बरंच काही बोलतात. हेकट म्हणतात, खडूस म्हणतात, चर्चच्या जेवणात पाव मोजतो म्हणतात. (मोजतो. डझनाला अकराच निघाले होते.) पण एक गोष्ट आजवर कोणी म्हटलेली नाही, आणि ती म्हणजे ‘नॉर्बर्ट गोर्स्कीला कोणीतरी गंडवलं.’ एकतीस वर्षं मी काउंटीच्या वजन-मापे खात्यात निरीक्षक होतो. पेट्रोल पंप, खाटकांचे काटे, कापडवाल्यांचे गज, सगळं माझ्या हाताखालून गेलं. दुकानात शिरलो की खात्याने दिलेली लाकडी पट्टी काउंटरवर दोनदा टकटक आपटायची, ही माझी पद्धत. तो आवाज ऐकून भल्याभल्यांचे चेहरे उतरायचे. निवृत्त होताना मला एक घड्याळ मिळालं, पण ते दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं, म्हणून मी परत केलं. तेव्हा माझी कमाई म्हणाल तर एवढीच की मला कोणी फसवू शकत नाही. आणि तीच गेल्या वर्षी पणाला लागली.

सप्टेंबरात माझ्या बायकोने, डोलोरेसने, पाककृतींचा पत्र्याचा डबा आवरायला काढला. रुबार्बच्या पायची, म्हणजे आंबट देठांचं गोड सारण पारीत भरून भाजतात त्या पदार्थाची, पाककृती जिथे असते तिथे खूण म्हणून एक बेसबॉलचं कार्ड खोचलेलं होतं.

“हे टाकू का रे?” तिने विचारलं.

मी चष्मा पुसून बघितलं आणि खुर्चीत बसलो. ते छत्रीवालं कार्ड होतं.

छत्रीवालं कार्ड ज्याला माहीत नाही असा माणूस आमच्याकडे एकतर कालच जन्मलेला असतो किंवा कालच आलेला. चित्रात एक खेळाडू दुसऱ्या बेसजवळ वाकून चेंडू उचलतोय. टोपीमुळे चेहरा अर्धाच दिसतो, पण चेहऱ्याकडे बघतंय कोण? त्याच्या मागे, प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत, पिवळा रेनकोट घातलेल्या एका धिप्पाड बाईने मिटलेली छत्री दोन्ही हातांनी उगारून शेजारच्या माणसाच्या टकलावर हाणलेली आहे. त्या माणसाची हॅट हवेत आहे, तोंड उघडं आहे आणि हातातल्या हॉट डॉगमधलं सॉसेज पुढच्या रांगेकडे निघालेलं आहे. ऊन तर लख्ख पडलंय. मग बाईने छत्री आणलीच कशाला, यावर आमच्या न्हाव्याच्या दुकानात पस्तीस वर्षं वाद चालू आहे. त्या छत्रीचे टी-शर्ट निघाले, कपबश्या निघाल्या. ‘ती बाई मीच’ असं सांगणाऱ्या तीन बायका आजवर पुढे आल्या, आणि तिघींपैकी एकीची उंची पाच फूटसुद्धा नव्हती. खेळाडूचं नाव मात्र न्हाव्यालाही आठवत नाही. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय: लॉइड टिबेट, दुसरा बेस.

हे कार्ड माझ्याकडे आलं कसं? अठ्ठ्याऐंशी साली मी एक पाकीट विकत घेतलं होतं. वेष्टनावर ‘आत पंधरा कार्डं’ असं छापलेलं. पंधरा आहेत का बघायला घेतलं. पंधराच निघाली. माझी फार निराशा झाली आणि मी ती डोलोरेसला देऊन टाकली.

माझी इच्छा एवढीच होती की कार्ड चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावावं. एक खिळा, एक चौकट, अर्ध्या तासाचं काम. पण खिळा घ्यायला मी शेजारच्या अर्ल टकरकडे गेलो, आणि तिथून सगळं बिघडलं.

अर्लचं हार्डवेअरचं दुकान होतं. आता मुलगी चालवते, पण खिळे अर्लकडेच असतात. चौऱ्याण्णव साली त्याच्या दुकानातला मापाचा गज माझ्या पट्टीशी जुळला नाही म्हणून मी त्याला नोटीस दिली होती. तेव्हापासून आम्ही उत्तम शेजारी आहोत, फक्त तो दर भेटीत एकदा ‘तुझीच पट्टी चुकीची असेल’ असं म्हणतो, आणि मी ते ऐकून घेतो.

त्याने कार्ड उजेडात धरलं, वास घेतला, कडेवरून नख फिरवलं.

“खोटं आहे,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“तुझ्या घरात खरं कशाला येईल? असली शंभरातली नव्वद खोटी असतात. गावभर सांगत सुटू नकोस, लोक हसतील. म्हणतील, एवढा मोठा निरीक्षक, आणि भिंतीवर काय लावलंय बघा.”

“अर्ल, हे मी स्वतः पाकिटातून काढलंय.”

“पाकीट खोटं असेल.”

मी खिळा न घेताच परत आलो. संध्याकाळपर्यंत न्हाव्याकडे, बेकरीत आणि पोस्टात बातमी पोचली होती की गोर्स्कीला बनावट कार्ड देऊन कोणीतरी गंडवलं. बेकरीवालीने माझ्याकडे ज्या दयेने बघितलं, तसं एकतीस वर्षांत कोणी बघितलं नव्हतं. तिला मी दोनदा दंड केलेला आहे.

तेव्हा तपासणी आली. मी टेबलावर पांढरा कागद अंथरला, भिंग काढलं, जुनी वही काढली आणि खात्यात करायचो तशी नोंद केली. लांबी साडेतीन इंच आणि वर केसभर, जास्तीची तक्रार नाही. रुंदी अडीच, बरोबर. छत्रीच्या काड्या आठ. रेनकोटची बटणं पाच, पैकी एक तुटलेलं. मागच्या जाहिरातीच्या फळीवरची अक्षरं सुलटी. खेळाडूच्या जाकिटावर नंबर नाही. हातमोजा उजव्या हातात. सॉसेज एक. माझ्या मनाची खात्री झाली. पण माझ्या खात्रीला आता गावात कोण विचारतो?

“बाहेरून तपासून आण,” डोलोरेस म्हणाली. “आणि एकदाचं टेबल मोकळं कर. मला पायची पारी लाटायचीय.”

कार्ड तपासून देणाऱ्या कंपन्या असतात. तुम्ही कार्ड पाठवायचं, ते खरं-खोटं ठरवतात, त्याला दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकच्या जाड पेटीत कायमचं बंद करून परत पाठवतात. मी ज्या कंपनीला पाठवलं तिचं नाव घेत नाही, कारण तिच्याकडे वकील आहेत. तिचा अर्ज नऊ पानी होता. सातव्या पानावर ‘हे कार्ड आपल्या ताब्यात असण्याला साक्षीदार कोण’ असा प्रश्न होता. मी डोलोरेसचं नाव लिहिलं. साक्षीदार नात्यातला नसावा, असं आठव्या पानावर होतं. नात्याबाहेरचा साक्षीदार म्हणजे अर्ल. त्याने सही केली, पण सहीखाली ‘असं तो म्हणतो’ एवढं जोडलं.

पोस्टात कारकून बाईंनी विचारलं, “आत नाशवंत काही?”

“अब्रू,” मी म्हणालो.

त्यांनी मान वर न करता ‘इतर’ या रकान्यात खूण केली.

अकरा आठवडे गेले. मी रोज टपालाच्या गाडीची वाट बघायचो, आणि अर्ल मला बघताना बघायचा. शेवटी कार्ड आलं, पेटीबिटी काही नाही, साध्या पाकिटात, सोबत चिठ्ठी: ‘अस्सलपणा ठरवता येत नाही. रुंदी प्रमाणापेक्षा एक बत्तीसांश इंच कमी. कड कापलेली असण्याची शक्यता.’

माझ्या घरात, माझ्या पट्टीने मोजलेल्या वस्तूची रुंदी कमी! मी परत मोजलं. अडीच. उलटं धरून मोजलं. अडीच. मी कंपनीला पत्र लिहिलं की तुमची पट्टी शेवटची कधी प्रमाणित झाली त्याचा दाखला पाठवा. उत्तर आलं, ‘प्रिय संग्राहक, आपल्या पसंतीबद्दल आभार.’ मी दुसरं पत्र लिहिलं, त्यात तीन कलमं आणि एक पोटकलम घातलं. उत्तर आलं, ‘प्रिय संग्राहक, आपल्या पसंतीबद्दल आभार.’

“नॉर्बर्ट, सोड ना आता,” डोलोरेस म्हणाली. का कोण जाणे, हे म्हणताना ती माझ्याकडे न बघता ओट्याकडे बघत होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण माणूस कंपन्यांवर संशय घेण्यात गुंतला की घरातलं राहून जातं.

मार्ग काढला मर्ल ऑस्ट्रँडर यांनी. या बाई आमच्या गावच्या कार्डप्रेमी मंडळाच्या सचिव. मंडळाचे सभासद एकवीस आणि नियम चौतीस. त्यांच्याकडे एक रबरी शिक्का आहे: ‘कार्डावरील खेळाडूने सचिवांसमक्ष सही केली.’ हा शिक्का बसला की कार्डावर कोणी ब्र काढत नाही, कारण ब्र काढायचा तर मर्लबाईंच्या तोंडावर काढावा लागतो.

“मिस्टर गोर्स्की, मार्चच्या दुसऱ्या शुक्रवारी टिबेट येतोय,” त्या फोनवर म्हणाल्या. “फायर हॉलमध्ये, माशांच्या जेवणाला. पाच वाजता. आपलं कार्ड आणा. पेन मंडळाचं असेल. स्वतःचं पेन आणू नका, नियम एकोणीस.”

“हा टिबेट खराच टिबेट आहे ना?”

फोनवर नियमांची पानं चाळल्याचा आवाज आला.

“मिस्टर गोर्स्की, तो दर वर्षी पंधरा गावांत जातो. कोणी विचारलं नाही अजून.”

हे ऐकून माझा संशय कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. पंधरा गावांत कोणी विचारलं नाही म्हणजे पंधरा गावांत कोणी तपासलं नाही, असा त्याचा अर्थ.

ईस्टरच्या आधीच्या उपवासातले शुक्रवार आमच्याकडे फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन दलाच्या शेडमध्ये, साजरे होतात. मांस वर्ज्य म्हणून मासा तळायचा, आणि मासा इतका तळायचा की उपवासाची काही आठवणच राहू नये. बंब बाहेर काढून ठेवतात आणि त्यांच्या जागी लांब टेबलं मांडतात. मी, डोलोरेस आणि आमच्याच गाडीतून फुकट आलेला अर्ल, असे आम्ही पावणेपाचला पोचलो. सह्यांची रांग दारापर्यंत आली होती. प्रत्येकाच्या हातात छत्रीवालं कार्ड, दोघांच्या हातात छत्र्यासुद्धा.

टेबलामागे लॉइड टिबेट बसला होता. साठीचा, रुंद खांद्यांचा, स्वच्छ दाढी केलेला गृहस्थ. दोन काउंट्या पलीकडे शाळेची बस चालवतो, असं मर्लबाईंनी सांगितलं. समोर बशीत मासा, कोबीची कोशिंबीर आणि पाव, पण खायला फुरसत नव्हती. लोक कार्ड पुढे करत आणि सूचना देत.

“जरा खाली करा हं सही. छत्रीवर जाऊ देऊ नका.”

“सॉसेज झाकू नका.”

“माझ्या भाचीला विचारायचंय, ती बाई कोण होती हो?”

“मला माहीत नाही,” तो दर वेळी तितक्याच नम्रपणे सांगायचा. “माझी पाठ होती तिकडे.”

माझा नंबर आला. मी कार्ड टेबलावर ठेवलं. त्याने पेन उचललं. उजव्या हाताने.

आता ही माझ्या धंद्याची खोड म्हणा. काटा हलला की नजर तिकडे जातेच. मी खिशातून वही काढली आणि पान उलटलं. ‘हातमोजा उजव्या हातात.’ हातमोजा उजव्या हातात म्हणजे फेकायचा हात डावा. आणि समोरचा माणूस उजव्या हाताने लिहितोय. त्यात दुसऱ्या बेसवर डावरा माणूस कोणी उभाच करत नाही. का, ते आमच्याकडे कोणालाही विचारा, त्याची बियर संपेपर्यंत सांगेल. मग माझ्यासकट कोणाच्याच हे डोक्यात का आलं नव्हतं? कारण आम्ही सगळे छत्रीच्या काड्या मोजत होतो.

“थांबा,” मी म्हणालो.

त्याने पेन वरच थांबवलं. मी त्याच्या बशीतला पाव उचलला, चार पावलं मागे गेलो आणि ओरडलो, “झेला!”

पाव मी फेकला. त्याने डाव्या हाताने सहज झेलला, आणि त्याच क्षणी उजव्या हाताने असा परत भिरकावला की तो माझ्या कोटाच्या तिसऱ्या बटणावर येऊन आदळला. टाळ्या पडल्या. एकाने शिट्टी वाजवली. फेक खरोखर सुरेख होती, ते मी नाकारत नाही. पण मी निरीक्षक आहे.

“हा माणूस कार्डावरचा माणूस नाही!” मी जाहीर केलं.

पुढचं एक मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. हॉलमध्ये दीडशे माणसं होती आणि सगळी माझ्यावर उठली. ‘पाहुण्यावर पाव फेकतो!’ ‘याने माझ्या बापाचा काटा बंद पाडला होता!’ ‘बाहेर काढा रे!’ फायर दलाच्या कॅप्टनने माझा दंड धरला. अर्ल दोन पावलं बाजूला सरकला आणि शेजारच्याला म्हणाला, “मी यांच्याबरोबर नाही.” डोलोरेसने डोळे मिटून घेतले. मी वही उंच धरून ‘हातमोजा! हातमोजा बघा!’ एवढंच ओरडत होतो, आणि माझं मलाच कळत होतं की शहाणा माणूस असा दिसत नाही.

“सोडा त्यांना,” टिबेट म्हणाला. “बरोबर आहे त्यांचं. तो मी नाहीच.”

कॅप्टनने माझा दंड सोडला.

“तो रॉय कॅल्हून,” टिबेट शांतपणे म्हणाला. “आमचा पहिल्या बेसवरचा डावरा. सामन्याआधीच्या सरावात गंमत म्हणून माझ्या जागी येऊन उभा राहिला होता. फोटोवाल्याने टिपला, कंपनीने खाली माझं नाव छापलं.”

आणि मग गावात संशयाची साथ आली. दीडशे माणसांनी दीडशे कार्डं डोळ्यांजवळ नेली आणि जिला पस्तीस वर्षं कोणी बघितलं नव्हतं ती वस्तू, म्हणजे खेळाडू, पहिल्यांदा बघितली. कोणी म्हणालं, हा लॉइड टिबेट तरी कशावरून? कोणी लायसन्स मागितलं. त्याने दिलं. लायसन्स खोटं असू शकतं, असं तिसरा म्हणाला. तेव्हा मघाशी मला बाहेर काढायला निघालेल्याच लोकांनी ते लायसन्स माझ्या हातात दिलं. “गोर्स्की, तू बघ. तुला कळतं.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी भिंग काढलं, लायसन्स तिरकं करून बघितलं, पाठ बघितली आणि मान हलवली. “अस्सल आहे. हे लॉइड टिबेटच आहेत.” मग मी त्याच्याकडे बघितलं आणि माझं बरं वाटणं तिथेच संपलं. दिवसभर बस चालवून वर साठ मैल आलेला माणूस, आपलं नाव आपलंच आहे हे ठरायची वाट बघत उभा होता, आणि ही वेळ त्याच्यावर मी आणली होती.

मर्लबाईंनी नियमांची वही मिटली. “नियम सात. सही कार्डावरच्या खेळाडूची हवी. नाव यांचं आहे, चित्र दुसऱ्याचं आहे. अर्धा शिक्का मला मारता येत नाही, मिस्टर टिबेट. मला वाईट वाटतंय.”

“नाही, नाही,” तो म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

रांग मोडली. ज्यांच्या सह्या झाल्या होत्या ते ‘आता याचं काय करायचं’ म्हणत मर्लबाईंभोवती जमले. टिबेटने मंडळाचं पेन नीट टोपण लावून टेबलावर ठेवलं, कोट उचलला आणि बाजूच्या दाराने निघाला. मासा तसाच राहिला होता.

मी त्याच्यामागे पळालो. माझ्या वयाला आणि गुडघ्यांना न शोभेल असा पळालो. बाहेर अजून चांगला उजेड होता. तो बंबाला टेकून उभा होता.

“मिस्टर टिबेट, चूक झाली माझी. मला तुमचा अपमान करायचा नव्हता. मला फक्त माझं कार्ड खरं करून घ्यायचं होतं.”

“अपमान?” तो हसला, पण नीट जमलं नाही. “छापून आलं तेव्हा मी कार्ड छापणाऱ्या कंपनीला तीन पत्रं लिहिली.”

“उत्तर आलं?”

“प्रिय संग्राहक.”

“आपल्या पसंतीबद्दल आभार,” मी म्हणालो.

“तेच. एकोणीस सामने खेळलो मोठ्या लीगमध्ये. मग घोटा गेला. कार्ड एकच निघालं, आणि ते हे असं. रॉयची स्वतःची चार आहेत, हे त्याचं पाचवं. मग छत्री गाजली, बोलावणी यायला लागली. मी ठरवलं, जायचं. सह्या करायच्या. कोणीतरी कधीतरी म्हणेलच, अहो, हे तुम्ही नव्हे. मीच सांगायचं म्हटलं तर वाईट दिसतं, लोक हौसेने येतात. तर मी वाट बघत राहिलो.”

“पस्तीस वर्षं?”

“माझी आई म्हणाली होती. टपालातून कार्ड काढलं आणि बघता क्षणी म्हणाली, हा माझा लॉइड नाही, याला वाकताच येत नाही. ती गेली त्याला वीस वर्षं झाली.” त्याने कोटाची कॉलर वर केली. “तिच्यानंतर तुम्हीच.”

मी मला येतं ते केलं. वही काढली.

“कार्डाची मागची बाजू,” मी म्हणालो. “तीही तपासली होती मी. एकोणीस सामने. अडतीस वेळा फलंदाजी. सात फटके. सरासरी पॉइंट एकशे चौऱ्याऐंशी. मी भागाकार करून बघितला. बरोबर आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “तुम्ही भागाकार केलात?”

“दोनदा.”

“कमीच आहे तशी.”

“कमी-जास्त माझ्या खात्यात येत नाही. लिहिलंय तितकं भरतं की नाही, एवढंच मी बघतो. भरतं. हे आकडे रॉय कॅल्हूनचे नाहीत ना?”

“नाही,” तो म्हणाला. “ते माझे आहेत. सातही.”

मी कार्ड पालथं करून बंबाच्या पायरीवर ठेवलं आणि माझं स्वतःचं पेन पुढे केलं. नियम एकोणीस मोडला. त्याने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. म्हणाला, मागे सही करायची ही पहिलीच वेळ. मग माझ्या भिंगाच्या डबीकडे बोट दाखवून विचारलं, “ते निळं काय आहे?”

आता हे सांगायला नको, पण निवृत्तीच्या दिवशी खात्यातल्या स्टिकरांचं एक भेंडोळं माझ्या खिशात चुकून राहिलं होतं. पेट्रोल पंपावर लावतात ते. ‘तपासले. योग्य आढळले.’ डबीवर एक चिकटवलेलं होतं.

“एक मिळेल का?”

मी पाकिटातून एक काढून दिलं. त्याने ते लायसन्सच्या मागच्या बाजूला चिकटवलं, अंगठ्याने चारही कोपरे नीट दाबले आणि माझ्याशी हात मिळवला. मग आत जाऊन आपला मासा खाल्ला. मी त्याच्यासमोर बसलो. मर्लबाईंनी न सांगता त्याला दुसरा पाव आणून दिला.

परत येताना गाडीत डोलोरेसने वळून बघितलं. अर्ल मागे घोरत होता.

“नॉर्बर्ट, तू आज सगळ्यांसमोर खरं बोललास,” ती म्हणाली. “तर मीही बोलते. ती कड मी कापली.”

“कुठली कड?”

“कार्डाची. ब्लूबेरीचा डाग पडला होता. कापडाच्या कात्रीने अगदी बारीक काढली. एक्याण्णव साली.”

गाडी मी रस्त्याच्या कडेला घेतली. “शक्य नाही. मी मोजलंय. अडीच भरतं.”

“कशाने मोजलंस?”

घरी जाऊन मी तिची शिवणाची पोलादी पट्टी घेतली आणि शेजारी माझी ठेवली. माझ्या पट्टीचं टोक झिजलं होतं. एकतीस वर्षं काउंटरवर टकटक केलेलं ते टोक, बरोबर एक बत्तीसांश इंच. कंपनी खरी होती. माझ्या घरात मला फसवणारा जो कोणी होता, तो माझ्याच खिशात होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि जेवण किती होतं तेही मी मोजलं नाही.

सकाळी मी अर्लला बोलावलं. पट्टी त्याच्या हातात दिली आणि म्हणालो, “चौऱ्याण्णव साली तुझा गज बरोबर होता.”

त्याने पट्टी बघितली, मला बघितलं, परत पट्टी बघितली. मला वाटलं, हा आता नाचेल आणि बेकरीपर्यंत पळत जाईल. पण इतकी वर्षं बोलत आलेलं खरं निघाल्यावर माणसाला काही सुचत नाही, तसं त्याचं झालं. तो बैठकीच्या खोलीत गेला आणि भिंतीसमोर उभा राहिला. चौकट मी पहाटेच लावली होती.

“उलटं लावलंयस,” तो म्हणाला. “छत्री कुठंय?”

“मागे आहे.”

“मग लोकांना कळणार कसं हे कुठलं कार्ड ते? खोटं वाटेल.”

“वाटू दे.”

अर्लने चष्मा लावला आणि नाक काचेला टेकवून वाचायला लागला. एकोणीस सामने. अडतीस वेळा. सात. त्याचे ओठ हलत होते. बोटांवर काहीतरी मांडत होता.

“सातला अडतीसने भाग दिला तर... एक... आठ... चार. बरोबर आहे की रे.” तो मागे वळला. “नॉर्बर्ट, हा टिबेट खेळायचा कसा?”

मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.